मिटलेले तोंड आणि धातूचा सांधा
जबड्याच्या कृत्रिम सांध्याचे बळ कशात असते?

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडाच्या पायथ्याशी गोंड समाजाचा फार मोठा मेळा भरतो. महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा इत्यादी राज्यांतून हजारो भाविक दरेकसा आणि धनेगाव या मार्गाने येतात व डोंगर चढून गुहेपर्यंत जातात. काली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती, गुहेचे तोंड प्रचंड शिळेने बंद झाले होते, आणि लिंगो, जंगो व संगीतकार हिरासुका यांच्या प्रयत्नाने ती शिळा हलून मुले बाहेर आली, अशी कथा गोंडी परंपरेत सांगितली जाते. शिळा हलविताना हिरासुकाला मात्र प्राणास मुकावे लागले.

याच परिसरात, किंवा महाराष्ट्राच्या कोणत्याही ग्रामीण भागात, आणखी एका प्रकारची मिटलेली दारे आढळतात. आठ-दहा वर्षांचे मूल असते. त्याला वरच्या व खालच्या दातांमध्ये बोटही घालता येत नाही. भाकरी कुस्करून, पेज करून, दातांच्या फटीतून त्याला भरविले जाते. हनुवटी मागे गेलेली असते. झोपेत ते मोठ्याने घोरते. दात घासता येत नसल्याने किडलेले असतात. घरची माणसे त्याला 'जन्मापासूनच असे आहे' असे समजतात; प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते जन्मापासून तसे नसते. दोन-तीन वर्षांचे असताना ते कधीतरी हनुवटीवर पडलेले असते. हनुवटीची जखम शिवली जाते, ती भरूनही येते, आणि कानापुढच्या सांध्याला झालेली इजा कोणाच्याच ध्यानात येत नाही. पुढे त्या सांध्यात हाडाला हाड जुळून येते. यालाच जबड्याचा सांधा सांधून जाणे किंवा अस्थिबंध होणे म्हणतात. कानातील पू सांध्यापर्यंत पोचल्यानेही असे घडू शकते.

हा आजार असाध्य नाही. शल्यक्रियेने जुळून आलेले हाड कापून काढता येते, आणि प्रौढ रुग्णात सर्व सांधाच खराब झाला असेल तर धातू व प्लास्टिक यांचा कृत्रिम सांधा बसविता येतो. हा सांधा किती मजबूत असावा लागतो, तो कशामुळे मोडतो किंवा झिजतो, आणि तो कोणाला बसवावा व कोणाला बसवू नये, हे समजून घेणे गावातील शिक्षकांना, पंचायत सदस्यांना आणि खरेदी व आरोग्यसेवा यांच्याशी संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांना उपयोगी ठरेल.

चिमट्याचे गणित

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले व मिटले की बोटाखाली काहीतरी हलते. तेच खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलाकार डोके होय. ते कवटीच्या हाडातील एका उथळ खोबणीत बसते आणि दोहोंमध्ये कूर्चेसारखी एक चकती असते. तोंड थोडेसे उघडताना हे डोके जागच्या जागी फिरते. जास्त उघडताना ते फिरत-फिरत पुढेही सरकते. शरीरातील बहुतेक सांध्यांपेक्षा याची रचना निराळी आहे, कारण डावा व उजवा असे दोन सांधे एकाच हाडाने जोडलेले असून एकाची हालचाल दुसऱ्यावाचून होत नाही.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने जबडा ही एक तरफ आहे, आणि तीही चुलीवरील चिमट्याच्या जातीची. चिमट्याचा टेकू एका टोकाला, निखारा दुसऱ्या टोकाला आणि बोटांचा जोर मधोमध असतो. जबड्याचा टेकू म्हणजे कानापुढील सांधा, निखारा म्हणजे दातांतील घास आणि बोटे म्हणजे गालातील व कानशिलातील स्नायू. समजा, सांध्यापासून पुढचे दात १० सेंटिमीटर अंतरावर आणि स्नायूंचा एकत्रित जोर ४ सेंटिमीटरवर आहे. पुढच्या दातांनी १० किलो वजनाइतक्या जोराने ऊस चावायचा, तर स्नायूंना २५ किलोचा जोर लावावा लागेल, आणि उरलेले १५ किलो दोन्ही सांध्यांना मिळून सोसावे लागतील. तोच १० किलोचा जोर ६ सेंटिमीटर अंतरावरील दाढेवर लावला, तर स्नायूंचा जोर १५ किलो आणि सांध्यांवरचा भार अवघा ५ किलो भरतो. हे गणित फार सोपे करून मांडलेले आहे. प्रत्यक्षात स्नायू तिरके ओढतात आणि भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला जात नाही. तथापि त्यातील तत्त्व खरे आहे. शल्यक्रिया झालेल्या रुग्णाला कणसे, ऊस किंवा कडक पेरू पुढच्या दातांनी तोडू नका असे सांगितले जाते, ते याच कारणाने.

निरोगी प्रौढ माणूस दाढांमध्ये ५० ते ७० किलो वजनाइतका जोर निर्माण करू शकतो. रोजच्या जेवणात मात्र याचा थोडाच अंश वापरला जातो. तरीही कृत्रिम सांध्याची परीक्षा रोजच्या भाताच्या घासावर ठरत नाही. भातातून अचानक खडा दाताखाली आला, किंवा झोपेत दातावर दात कराकरा घासले गेले, म्हणजे भार एकदम वाढतो.

एका भाराने न मोडणारी वस्तू हजार भारांनी मोडते

लोखंडी तार एकदा वाकवली तर मोडत नाही. तीच तार पुन:पुन्हा पुढे-मागे वाकवली की तुटते. धातूच्या या गुणाला श्रांती म्हणतात. कृत्रिम सांध्याच्या पट्टीला हाच धोका सर्वाधिक असतो. दिवसाकाठी जबड्याच्या चर्वणाचे दीड हजार फेरे धरले, तरी वर्षाला साडेपाच लाखांच्या जवळपास फेरे होतात आणि दहा वर्षांत ५५ लाख. धातूच्या श्रांतीची चाचणी एक कोटी फेऱ्यांपर्यंत नेण्याची पद्धत आहे. वरील हिशेबाने एक कोटी फेरे म्हणजे सुमारे अठरा वर्षांचे चर्वण होय. शल्यक्रियेच्या वेळी रुग्ण तिशीतला असेल तर अठरा वर्षांनी तो पन्नाशीच्या आतच असतो, ही गोष्ट चाचणीचा दाखला वाचताना विसरू नये.

आज या कामी मुख्यत: तीन पदार्थ वापरले जातात. जबड्याला स्क्रूने जोडावयाची पट्टी टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. त्यात सुमारे ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. हा धातू दर चौरस मिलिमीटरला ८० किलोंहून अधिक ताण कायमचा न वाकता सोसतो. आपल्या हाडाचा कठीण भाग १० ते १५ किलोंच्या आसपास ताण सोसतो. पट्टीच्या वरच्या टोकाचे गोल डोके बहुधा कोबाल्ट, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूचे असते, कारण टायटॅनियम बळकट असले तरी घासले असता लवकर ओरखडते. काही रचनांत पट्टी आणि डोके दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमचीच करतात. कवटीच्या बाजूची खोबण अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची असते. हे प्लास्टिक बळाच्या कसोटीवर धातूच्या जवळपासही येत नाही; त्याची ताण सोसण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला दोन किलोंच्या घरात आहे. परंतु त्याच्या रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब असल्यामुळे ते सहजासहजी झिजत नाही, आणि गुळगुळीत धातू त्यावरून अल्प घर्षणाने फिरतो.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. भार तोच असला तरी तो किती क्षेत्रावर पसरतो यावर ताण अवलंबून असतो. १५ किलोंचा भार एका चौरस मिलिमीटरवर टेकला तर प्लास्टिक चेपून जाईल. वीस चौरस मिलिमीटरवर पसरला तर दर चौरस मिलिमीटरला पाऊण किलोच पडेल. म्हणून धातूचे डोके आणि प्लास्टिकची खोबण यांची गोलाई एकमेकींना साजेशी घडविणे हे बळकट धातू निवडण्याइतकेच महत्त्वाचे असते. गाडीचा आस कितीही पोलादी असला, तरी चाकाची तुंब त्याच्यावर नीट बसली नाही तर आसाचे बळ काय कामाचे?

पट्टीची जाडी हा असाच एक प्रश्न आहे. घर बांधणारा सुतार तुळई आडवी न टाकता उभी टाकतो, कारण वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पट्टीची जाडी दुप्पट केली तर ती आठपट ताठर होते. मग पट्टी जाडच का करू नये? एक तर गालाच्या त्वचेखाली जागा थोडी, आणि त्या भागातून चेहऱ्याची हालचाल करणारी मज्जा जाते. दुसरे म्हणजे फार ताठर पट्टी हाडावरचा भार स्वत:वरच घेते. ज्या हाडावर भार पडत नाही ते हाड हळूहळू विरळ होते, त्यातील स्क्रू सैल होतात, आणि अखेर भक्कम पट्टी पोकळ आधारावर उभी राहते. टायटॅनियमची ताठरता हाडाच्या सुमारे सहापट आणि कोबाल्ट-क्रोमियमची बारापटीच्या आसपास असते. या तुलनेमुळेच हाडाला चिकटून राहणाऱ्या भागासाठी टायटॅनियमला पसंती मिळते.

मोडण्याची जागा बहुधा ठरलेली असते. स्क्रूचे भोक, पट्टीचा अचानक अरुंद होणारा मानेचा भाग, हत्याराने पडलेला ओरखडा, अशा ठिकाणी ताण एकवटतो आणि तेथून केसासारखी भेग सुरू होते. शल्यक्रिया चालू असताना तयार पट्टी हाडावर बसावी म्हणून ती वाकवून, परत सरळ करून, पुन्हा वाकविली जाते तेव्हा तिचे पुढचे आयुष्य त्याच टेबलावर कमी होत असते. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून हाडाची प्रतिकृती तयार करून त्या मापाचा सांधा आधीच घडविण्याची पद्धत यासाठीच पुढे आली. ही पद्धत खर्चिक आहे आणि तिला वेळ लागतो. सांधा कारखान्यातून येईपर्यंत काही आठवडे जातात. पण पट्टी हाडावर सर्वत्र टेकली की स्क्रूंवरचा भार सारखा वाटला जातो. स्क्रू सुमारे दोन ते पावणेतीन मिलिमीटर व्यासाचे असतात; त्यांतील एक सैल झाला की शेजाऱ्यावर भार वाढतो आणि मग तोही सैल होऊ लागतो. हाडामधून खालच्या ओठाची संवेदना वाहणारी मज्जा जाते, तिला टाळून स्क्रू बसवावे लागतात, म्हणजे शल्यविशारदाला मनाजोगती जागा नेहमीच मिळते असे नाही.

भार कोठे एकवटतो हे आता संगणकावर आधीच पाहता येते. जबड्याच्या आणि पट्टीच्या आकृतीचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरील ताण काढतात. याला सांत-घटक पद्धती म्हणतात. मात्र संगणकाला हाडाची घनता व स्नायूंचा जोर जसा सांगितला तसेच उत्तर मिळते. त्यामुळे यंत्रावर प्रत्यक्ष फेरे देऊन केलेल्या चाचणीची जागा ही पद्धत घेऊ शकत नाही.

एक महागडा धडा

कृत्रिम सांध्याची कल्पना जुनी आहे. बर्लिन येथे थेमिस्टोक्लस ग्लूक या शल्यविशारदाने १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसविण्याचे प्रयोग केले होते. विसाव्या शतकात खुब्याच्या सांध्यावर सर्वात मूलगामी काम इंग्लंडमधील राईटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी केले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेफ्लॉनची खोबण वापरून पाहिली. टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावरील लेप. त्याचे घर्षण फार कमी, म्हणून ते आदर्श वाटले. पण थोड्याच वर्षांत त्या खोबणी झिजल्या आणि झिजेच्या कणांनी आसपासच्या ऊतींमध्ये गाठी निर्माण केल्या. चार्नली यांनी टेफ्लॉनची व पॉलिएथिलिनची भुकटी स्वत:च्याच मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला. १९६२ साली त्यांनी टेफ्लॉन सोडून पॉलिएथिलिन स्वीकारले आणि तेच पुढे जगभर रूढ झाले.

असे असूनही जबड्याच्या सांध्यात चकतीच्या जागी बसविण्यासाठी टेफ्लॉनयुक्त पदार्थाचे रोपण अमेरिकेत १९८३ साली बाजारात आले. पूर्वीच्या मान्य साधनांशी ते सारखेच आहे एवढ्या आधारावर त्याला परवानगी मिळाली होती. वीस हजारांहून अधिक रुग्णांना ती रोपणे बसविली गेली असावीत. सांध्यातील भाराखाली पदार्थाचे तुकडे झाले. शरीरातील मोठ्या पेशी त्या कणांवर तुटून पडल्या आणि त्या लढाईत रुग्णाचे स्वत:चे हाड विरघळू लागले, काही रुग्णांत कवटीच्या तळापर्यंत. १९९० च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला आणि १९९१ च्या प्रारंभी ती रोपणे परत मागविली गेली. १९९३ मध्ये जबड्याच्या सांध्याची रोपणे सर्वात कडक तपासणीच्या वर्गात टाकण्यात आली.

खुब्याच्या शल्यविशारदांना वीस वर्षांपूर्वी जे कळले होते ते जबड्याच्या शल्यविशारदांपर्यंत पोचले नाही, किंवा पोचूनही मनावर घेतले गेले नाही. पदार्थ एका जागी निरुपद्रवी ठरला म्हणजे तो भाराखाली आणि घर्षणाखालीही निरुपद्रवी राहील, ही समजूत या प्रकरणाच्या मुळाशी होती. तुकडा जोवर अखंड आहे तोवर शरीर त्याला सहन करते. त्याची भुकटी झाली की सहन करीत नाही. म्हणून झीज हा केवळ टिकाऊपणाचा प्रश्न नसून तो आरोग्याचा प्रश्न आहे.

त्यानंतर मापाप्रमाणे घडविलेल्या टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोमियम आणि पॉलिएथिलिन यांच्या सांध्यांचा अनुभव बराच समाधानकारक आहे. अशा एका सांध्याच्या पहिल्या १११ रुग्णांपैकी ५६ रुग्णांची सुमारे वीस वर्षांनंतर पाहणी करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेदना, तोंड उघडणे व आहार या सर्व बाबतींत सुधारणा टिकून असल्याचे त्यात आढळले. उरलेल्या निम्म्या रुग्णांचा ठावठिकाणा न लागल्याने या निष्कर्षाकडे थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे हे खरे. तरी वीस वर्षांचा पाठपुरावा ही या क्षेत्रात दुर्मिळ गोष्ट आहे.

कृत्रिम सांधा नैसर्गिक सांध्यासारखा पुढे सरकत नाही, तो मुख्यत: जागच्या जागी फिरतो. तोंड पुरेसे उघडते, पण जबडा बाजूला व पुढे नेण्याची क्रिया बव्हंशी जाते. एकाच बाजूला कृत्रिम सांधा असेल तर दुसऱ्या बाजूच्या निरोगी सांध्यावर काम वाढते. ही मर्यादा रुग्णाला आधी सांगणे आवश्यक असते.

मुलांसाठी निराळा मार्ग

धातू वाढत नाही. आठ वर्षांच्या मुलाला आज बसविलेली पट्टी पंधराव्या वर्षी तेवढीच असते आणि चेहरा मात्र वाढलेला असतो. त्यामुळे वाढत्या वयात कृत्रिम सांधा सामान्यत: टाळतात. जुळलेले हाड कापून काढायचे, मोकळ्या झालेल्या जागेत कानशिलाच्या स्नायूचे आवरण किंवा तत्सम ऊती घालायची, आणि आवश्यक तेथे रुग्णाच्याच बरगडीचा कूर्चेसह तुकडा बसवायचा, ही पद्धत मुलांसाठी रूढ आहे. बरगडीचा तुकडा जिवंत असतो, वाढू शकतो. कधी नको तितका वाढतोही. लहान राहिलेला जबडा पुढे हळूहळू ताणून लांबविण्याची शल्यक्रियाही केली जाते, विशेषत: झोपेत श्वास अडखळत असेल तेव्हा.

अशा मुलाला भूल देणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे. तोंडच उघडत नसल्यामुळे श्वासनलिकेत नळी नाकावाटे, बारीक दुर्बिणीच्या साहाय्याने घालावी लागते. ही सोय नसलेल्या ठिकाणी ही शल्यक्रिया करू नये. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला १९६८ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय असून मुख व जबडा शल्यचिकित्सेसाठी पूर्व विदर्भातील रुग्ण तेथे येतात.

शल्यक्रियेइतकेच महत्त्व त्यानंतरच्या व्यायामाला आहे, आणि गावाचा खरा वाटा येथेच आहे. शल्यक्रियेनंतर काही दिवसांतच मुलाला लाकडी पट्ट्या दातांत सारून किंवा स्क्रूच्या साधनाने तोंड उघडण्याचा सराव सुरू करावा लागतो, आणि तो दिवसातून अनेक वेळा, कित्येक महिने चालू ठेवावा लागतो. तो दुखतो. मूल रडते, आईचे मन द्रवते, शेतीचा हंगाम येतो, सराव थांबतो, आणि हाड पुन्हा जुळते. दुसरी शल्यक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. ज्या शाळेत असे मूल असेल तेथील शिक्षकांनी प्रार्थनेनंतर, मधल्या सुटीत आणि शाळा सुटताना पाच-पाच मिनिटे हा सराव करवून घेतला आणि दर आठवड्याला तोंड किती उघडते याची नोंद मोजपट्टीने ठेवली, तर त्याचे मोल रुग्णालयातील खाटेपेक्षा कमी नाही.

सगळेच मिटलेले तोंड सांध्यामुळे नसते

येथे एक भेद स्पष्ट करणे अत्यावश्यक आहे. विदर्भात तरुणांचे तोंड न उघडण्याचे फार मोठे कारण सांधा नसून खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या या मिश्रणातील सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचेखाली तंतू दाट होत जातात, गाल पांढुरका व ताठ होतो, तिखट सोसत नाही आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. सांधा येथे निरोगी असतो; दार शाबूत आहे, पण चौकटीभोवती दोरखंड आवळले गेले आहेत असे समजावे. अशा रुग्णाला जगातील सर्वात भक्कम कृत्रिम सांधाही उपयोगाचा नाही. या विकाराचे रूपांतर मुखकर्करोगात होण्याचा संभव असतो. सुपारी स्वत:च कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी खर्रा पानठेल्यावर घोटला जातो हे कोणत्याही ग्रामपंचायत सदस्याला सांगावयास नको.

दोहोंतील फरक ओळखण्याची गावपातळीवरील खूण सोपी आहे. तोंड उघडल्यावर स्वत:च्या हाताची मधली तीन बोटे उभी एकावर एक दातांमध्ये जावयास हवीत. प्रौढाचे तोंड साधारणत: ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. बोटे जात नसतील आणि मूल लहान असेल, हनुवटी मागे किंवा एका बाजूला गेलेली असेल, पूर्वी पडल्याचा इतिहास असेल, तर सांध्याचा संशय घ्यावा. तरुण असेल, गालात जळजळ व ताठरपणा असेल, खर्ऱ्याची सवय असेल, तर दुसरा विकार समजावा. निदान अर्थातच डॉक्टरांनी करावयाचे आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून फिरती पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची एकदा तपासणी करतात. तीन बोटांची ही कसोटी त्या दिवशी शिक्षकांनी स्वत: आधी करून ठेवली, तर पथकाला संशयित मुले लगेच दाखविता येतील. मोह वेचण्याच्या आणि तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत मुले झाडांवर व खडकांवर असतात. त्या काळात हनुवटीवर पडून आलेल्या प्रत्येक मुलाच्या कानापुढील भागावर बोट ठेवून पाहावे. तेथे सूज किंवा वेदना असेल, तोंड उघडताना जबडा एका बाजूला वळत असेल, तर केवळ जखम शिवून परत पाठवू नये. अशा दुखापतीत मुलाचा जबडा फार दिवस बांधून ठेवणे अपायकारक असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लवकर हालचाल सुरू करणे हिताचे.

खरेदी आणि नोंद

शरीरात बसवावयाच्या साधनांसाठी भारतात वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ लागू असून ते १ जानेवारी २०१८ पासून अंमलात आले. निविदेत केवळ 'टायटॅनियमचा सांधा' असे लिहिणे पुरेसे नाही. मिश्रधातू आयएसओ ५८३२ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे आणि पॉलिएथिलिन आयएसओ ५८३४ प्रमाणे असल्याचा दाखला, तसेच श्रांती व झीज यांच्या चाचण्या किती भाराने व किती फेऱ्यांपर्यंत झाल्या याचा अहवाल मागवावा. पॉलिएथिलिन हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्यास कालांतराने ठिसूळ होते. म्हणून त्याचे निर्वात किंवा निष्क्रिय वायूतील वेष्टन फुटलेले नसावे आणि मुदत संपलेली नसावी. उघडलेले साधन पुन्हा निर्जंतुक करून ठेवण्याचा मोह काटकसरीच्या नावाखाली होतो, तो टाळावा. निरनिराळ्या उत्पादकांची पट्टी आणि स्क्रू मिसळू नयेत, कारण माप किंचित चुकले तरी दोघांमध्ये सूक्ष्म हालचाल होऊन धातू कुरतडला जातो.

देशी साधने घडविण्याची क्षमताही वाढत आहे. हैदराबादची मिश्र धातु निगम ही १९७३ साली स्थापन झालेली सार्वजनिक क्षेत्रातील संस्था टायटॅनियमचे मिश्रधातू तयार करते. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत २०१४ साली राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने वैद्यकीय उपकरणांच्या निर्मितीसाठी केंद्र सुरू झाले आणि त्याच्या शाखा नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात उघडल्या गेल्या. डॉक्टर व अभियंते एका छताखाली बसतात, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

साधनांमुळे झालेल्या अपायाची नोंद घेण्यासाठी देशात २०१५ पासून स्वतंत्र कार्यक्रम चालू असून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. रुग्णाला शल्यक्रियेनंतर साधनाचे नाव, उत्पादक, तुकडी क्रमांक आणि बसविल्याची तारीख असलेले चिकटपत्र मिळते. ते घडीच्या घडीत फाटून जाते किंवा पावसाळ्यात भिजते. त्याची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत लावली, तर दहा वर्षांनी त्या रुग्णाचा जबडा दुखू लागला, किंवा एखाद्या तुकडीतील साधने परत मागविली गेली, तर दरेकशाच्या माणसाला कोणता धातू बसविला होता हे नागपूरच्या डॉक्टरांना तेथेच कळेल.